क्लचप्लेटचे दाते

“काकू, कॉम्प्युटर हीच क्लचप्लेट दाखवतोय. पटत नसेल तर ड्रायव्हरला पाठवा,” स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटरवरचा नवा पोरगा म्हणाला.

वेणूकाकू चालवायच्या ती शाळेची व्हॅन गॅरेजात उघडी पडली होती आणि साडेबाराला चौदा मुलं फाटकाशी त्यांची वाट बघणार होती. चुकीची प्लेट नेऊन भागणार नव्हतं. त्यांनी पिशवीतून जुनी प्लेट काढली आणि रोजच्या जपासारखे तिचे दाते बोटांच्या पेरांवर मोजले. मग नवीचे.

“जुनीला वीस, हिला एकवीस. तू मोज बघू.”

त्याने दोनदा मोजले, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि दुसरा खोका उघडला. त्यातलीला बरोब्बर वीस!

“ड्रायव्हरला हीच द्या हं,” तो पुटपुटला.

“ड्रायव्हरच्याच हातात दिलीस की,” काकू हसल्या.