तिसरं हमीपत्र

आतून कडी घालून म्हातारा दाराला पाठ लावून खालीच बसला. डोक्यातून रक्त ओघळत होतं, सदऱ्याची डावी बाजू भिजली होती. संस्कृतीनं बंद मागावरचा, सूत फिरवायचा धोटा उचलला आणि त्याचं लोखंडी टोक म्हाताऱ्यावर रोखलं.

"जवळ यायचं न्हाय!"

"न्हाय येत," म्हातारा म्हणाला. "धोटा हातातच ठेव. माज्यावर इस्वास ठिऊ नगंस."

असं कुणी म्हणतं का? पंधरा वर्षांच्या संस्कृतीला आजवर सगळ्यांनी उलटंच सांगितलं होतं. 'विश्वास ठेव बाळा' म्हणत प्रत्येकानं तिला परत नेऊन पोचवलं होतं. दहावीचं वर्ष, आणि घरच्यांनी तिचं लग्न बत्तीस वर्षांच्या घोडनवऱ्याशी ठरवलं. पहिल्यांदा ती पळाली ती शाळेतल्या बाईंकडे. दुसऱ्यांदा तालुक्याच्या हापिसात. दोन्ही वेळा मोठी माणसं जमली, चहा झाला. 'मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही' अशा हमीपत्रावर बापानं सही केली आणि साहेबांनी तिला त्याच बापाच्या हाती दिलं. वर फोटोही काढला. घरी गेल्यावर तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठले, त्यांचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

आज तिसरी खेप. मोडनिंबहून एसटीनं ती सोलापूरला आली आणि स्टँडवर उतरते न उतरते तोच चुलत्याची जीप आडवी. चुलता आबासाहेब म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. तंटा मिटवायला त्यानं लोखंडी गज आणला होता, आणि सोबत नवऱ्याचा भाऊ शिवराज. शिवराजनं भर दुपारी वेणी धरून तिला फरफटत नेलं. स्टँडवर शेकडो माणसं होती. कुणी केळी खात होतं, कुणी मोबाइलवर शूटिंग घेत होतं. घरचा मामला म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

पुढे आला तो हा एकटा, साठीचा, हातात काठी घेऊन. गज त्याच्या डोक्यात बसला, तरी त्यानं तिची वेणी सोडवली, तिला रिक्षात कोंबलं आणि बंद पडलेल्या ह्या चादरीच्या कारखान्यात आणलं. तो इथला वॉचमन, नाव गुरुसिद्धप्पा. "अप्पा रोज स्टँडवर असल्या पोरी हुडकत फिरतोय," रिक्षावाला म्हणाला होता. हुडकत! तेव्हापासूनच संस्कृती त्याच्यापासून हातभर लांब राहिली होती.

म्हाताऱ्यानं फोन लावला. "वकीलबाई, पोरगी हाय. लई मार खाल्लेली. कारखान्यावर या, पोलीस घिऊन." पलीकडून दोन शब्द आले आणि फोन बंद झाला. आपल्याला लागलंय हे त्यानं सांगितलंच नाही.

तेवढ्यात रिक्षाचा पाठलाग करत आलेली जीप बाहेर थांबली.

"अप्पा, दार उघडा," आबासाहेबांचा आवाज साखरेत घोळलेला. "लेकरागत वाढवलंय हो तिला. आमी काय खाटीक हाय का? ह्ये बगा, हमीपत्र. बापाची सही हाय. अठरा झाल्याबिगर लगीन न्हाय."

दाराखालून कागद आत सरकला. शिक्का होता, सही होती. फक्त तारखेची जागा मोकळी होती, कधीही उपयोगी पडावी म्हणून. काय ही तयारी! पोरीच्या वह्यांना कधी दमडी सुटली नाही त्या घरातून.

म्हातारा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. सहीपाशी बोट थांबलं ते तिथंच राहिलं. संस्कृती समजून चुकली. ह्या कागदापुढे सगळेच विरघळतात. आता हा कडी काढणार. तिनं धोटा घट्ट धरला.

म्हाताऱ्यानं कागदाची घडी केली आणि डोक्याच्या जखमेवर दाबून धरली.

"रगात टिपायला बरा हाय," तो ओरडला. "दुसऱ्या कामाचा न्हाय. आत यायचं तर माज्या मढ्यावरनं या!"

मग गजाचे घाव सुरू झाले. प्रत्येक घाव दारावर पडे आणि त्याच्या पाठीला हिसका बसे. तो हलला नाही. संस्कृती पुढे आली, त्याच्याशेजारी बसली आणि तिनंही आपली पाठ दाराला लावली. धोटा मात्र हातातच होता.

पोलीस आले, तोवर दाराची एक फळी फुटली होती. "घरचा मामला हाय सायेब," असं म्हणणाऱ्या आबासाहेबांना आणि शिवराजला गजासकट गाडीत बसवलं. काळ्या कोटातल्या वकीलबाई आत आल्या. त्यांनी संस्कृतीच्या पाठीवरचे वळ पाहिले.

"तुला घरी पाठवणार नाही. दहावीची परीक्षा बालगृहातून दे. मी आहे."

म्हाताऱ्याशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्याच्याकडे न बघता हवालदाराला म्हणाल्या, "ह्यांना सिव्हिलला न्या."

"बरं, वकीलबाई," तो खाली मान घालून म्हणाला.

संस्कृतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांनी माज्यासाटी डोकं फोडून घेतलंय! आन् तुमी त्यांच्याकडं बगत बी न्हाय? एवडा कसला ताठा?"

वकीलबाईंनी म्हाताऱ्याच्या हातातून रक्तानं भिजलेला तो कागद काढून घेतला.

"मी पंधराची असताना माझंही असंच हमीपत्र झालं होतं," त्या म्हणाल्या. "आठव्या दिवशी मला चोरून उजवलं. त्या हमीपत्रावर सही ह्यांची होती. बाप म्हणून."