पहिला पेशंट

पाहुण्यांनी अपेक्षाच्या गळ्यात स्टेथोस्कोप घातला आणि देवळासमोरचा मंडप टाळ्यांनी भरून गेला. मागच्या फ्लेक्सवर तिच्या नावाआधी ठळक 'डॉ.' होतं. तिचं मेडिकल कॉलेज सोमवारी सुरू व्हायचं होतं.

सकाळी फ्लेक्स बांधताना विमलताईंनी तिच्या आजोबांना टोकलं होतं, "साडेपाच वर्षं लागतात, बापूजी." चौतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून त्यांनी हीच गावं पायी तुडवली होती.

"लागू दे न. मी ब्यांशीचा हावो. तवालोक कोन पाह्यलं?" बापूजी हसले होते. "मी आतापासूनच म्हनून घेतो."

टाळ्या थांबल्या तेव्हा मंडपाच्या तोंडाशी गलका झाला. जमनी आणि एक शेजारी डोमाजीला दोन्ही बगलांत धरून आणत होते. जमनीचा नवरा डोमाजी पहाटेपासून बापूजींच्याच शेतात पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारत होता. शर्ट औषधाने भिजलेला, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पाय मातीत फरपटत होते.

"ऑटोवाला म्हने बाभुळगावले दवाखान्यात नेतो," जमनीला दम लागला होता. "म्या त्याले वापस धाडलं. म्हनलं, कायले? आपल्या गावातच डॉक्टर झाली न."

पाहुण्यांकडे वळताना बापूजींचा चेहरा उजळला. "पाहा साहेब, दवाखाना बांधाच्या आधीच पहिला पेशंट."

अपेक्षा आजोबांकडे पाहत मागे सरकली. "आबाजी, मले काहीच येत नाही. पुस्तकंबी घेतली नाहीत अजून."

"नुसतं छातीले लाव. लोकं पाहून राह्यले."

डोमाजीला खुर्चीत बसवलं. तो एका बाजूला कलंडला, तसं कोणीतरी त्याला खांद्याने टेकवून धरलं. अपेक्षाने वाकून ती थंड चकती ओल्या शर्टावर ठेवली. गावातला आयुष फोटो काढायला मोबाइल घेऊन पुढे झाला. "ताई, कानातलं पन लावा. हां. एक अजून." मग त्याने मोबाइल खाली केला. "याची लाळ पुसा न कोनी. फोटोत दिसते."

कोणीतरी पाहुण्यांच्या सत्काराच्या शालीचं टोक पुढे केलं, मग शाल महागाची आहे हे आठवून मागे घेतलं.

चौतीस वर्षांत विमलताईंनी पू काढला होता, जंत पाहिले होते, सडलेल्या जखमा उघडल्या होत्या. जेवताना त्यातलं काही आठवलं तरी घास अडला नव्हता. आता मात्र त्यांना त्या मागे घेतलेल्या शालीकडे पाहवेना. त्या उठल्या.

"फोटो झाला असन त सरका."

त्यांनी डोमाजीची पापणी उघडली. फवारणीचं विष भिनून बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. त्यांनी शर्टाची बटणं तोडली, शर्ट काढून लांब फेकला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा जार त्याच्या अंगावर ओतला. "साबन आना. अन् हे गाडी काढा."

गाडी पाहुण्यांची होती. पाहुण्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "सीटा नव्या हायेत, बाई."

विमलताईंनी स्वतःच दार उघडलं. जमनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मागे डोमाजीला कुशीवर निजवून विमलताई त्याच्या पायाशी बसल्या. अपेक्षा अजून मंडपाच्या खांबाजवळ उभी होती.

"मी काय करू?"

"ते गळ्यातलं काढ अन् बस याच्या जवळ. तोंड खाली राहू दे. श्वास मोज."

"मोजून काय करायचं?"

"आधी मोज त खरी."

स्टेथोस्कोप खुर्चीवर टाकून ती आत शिरली. डोमाजीचं ओलं डोकं तिने मांडीवर घेतलं आणि ती त्याच्या पोटाकडे पाहत हलक्या आवाजात मोजू लागली. गाडी गर्दीतून वाट काढत निघाली. इतक्यात मागे भोंगा खरखरला आणि बापूजींचा आवाज आला.

"मंडळी, आपली डॉक्टर सोता पेशंटले घेऊन निघाली. एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या."

मंडप उठून उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट रस्त्यापर्यंत आला. कोणीतरी शिटीही वाजवली.

अपेक्षाचे ओठ थांबले. तिने घाबरून वर पाहिलं. "चुकलं माझं."

विमलताईंनी काच वर चढवली.

"पुन्हा पहिल्यापासून."