उंबऱ्याचा टवका

"जगबुडी झालीय, घराला भिंत उरली नाही, आणि ही पोर उंबरा धुऊन हळदकुंकू वाहतेय! अख्ख्या ॲनिमेशनपटातला सर्वांत खोटा प्रसंग." मुक्तानं परीक्षण मोठ्यानं वाचलं आणि पेपर भिरकावला. चार महिने खपून तो प्रसंग तिनंच चितारला होता.

तिची आई, कोंडाबाई, भाजी निवडायची थांबली. "खोटा कसा? भूकंपात माझं घर मातीत गेलं, उंबरा तेवढा राहिला. त्याला काय पारोसा ठेवायचा होता?"

"तेच तर काढलं, आई!"

"म्हणून तर थेटरात मी लगेच वळखला. कोपऱ्याचा टवकासुद्धा सोडला नाहीस." बोलताना तिची मान ताठ झाली होती. पेपर उचलून तिनं नीट घडी घातली. "ह्या बाबाचं घर कधी पडलं नसंल गं. पडूबी नये."