मनगटावरचा उजेड

दुपारी तीन वाजता डॉक्टर नाईकवडींनी हेमांगीच्या दंडाला इंजेक्शन दिलं आणि त्या तिच्याजवळच बसून राहिल्या. काचेच्या खोलीतला हा तिचा साठावा दिवस होता. रोगाशी लढणाऱ्या पेशी नऊ वर्षांच्या हेमांगीच्या अंगात जन्मापासूनच नव्हत्या, म्हणून तिला आत्याच्या, शकुंतलेच्या पेशी दिल्या होत्या. त्या जाग्या झाल्या की त्यांच्यात कॅल्शियम उसळणार होतं, त्याने पेशींत आधीच घातलेला रंग चमकणार होता आणि मनगटावरच्या पारदर्शक पट्टीत उजेड दिसणार होता. पण पट्टी अजून अंधारीच होती.

“हे तर उंची वाढायचं औषध ना?” काचेपलीकडून शकुंतलेने विचारलं.

“वाढीचं संप्रेरक आहे. ते या पेशींनाही हाक देतं. ऐकतात का बघू.”

“आत्या, तुझ्या पेशी तुझ्यासारख्याच झोपाळू आहेत,” असं म्हणत हेमांगीच पेंगली.

ती झोपेत असताना पट्टीत एक निळसर ठिपका उमलला आणि विझला. मग दुसरा उमलला. हळूहळू सगळ्या पट्टीवर ठिपके लहरू लागले, तळ्यावर ऊन हलावं तसे. शकुंतलेने काचेला कपाळ टेकलं.

उजेड टिकला. त्यानंतर नवव्या दिवशी डॉक्टरांनी दार उघडलं. शकुंतला आत आली, पण सवयीने पलंगापासून हातभर लांब थांबली. हेमांगीने तिचा हात ओढून गालाशी धरला.

“किती गार आहे गं,” ती म्हणाली, आणि तिने तो बराच वेळ सोडला नाही.