पिवळ्या रेनकोटांची रांग

“आईला सांग, रांग पुढे सरकली,” धाकटा चष्मेवाला लेकीला म्हणाला. आई हातभर अंतरावर मागेच उभी होती.

“बाबांना सांग, मला डोळे आहेत,” आई म्हणाली.

लेक भिंगरी या निरोप्याच्या नोकरीला पार कंटाळली होती. घरी तिच्याकडे एकाच अबोल्याचं काम असे, बाबा आणि आजोबांमधल्या. सहलीला आल्यापासून अबोले दोन झाले होते.

पहिला अबोला जुना. थोरल्या चष्मेवाल्यांच्या, म्हणजे आजोबांच्या, चष्म्यांच्या दुकानात लेकाला काचेची कपाटं हवी होती, डोळे तपासायचं नवं यंत्र हवं होतं. “माझ्या दुकानात माझंच चालेल,” थोरले म्हणाले. लेकाने तिरीमिरीत समोरच्याच फुटपाथवर स्वतःचं दुकान थाटलं. बाजार त्यांना थोरले आणि धाकटे म्हणू लागला. बाप-लेक राहत एकाच घरात, जेवत एकाच टेबलावर आणि बोलत ते फक्त भिंगरीमार्फत. “आजोबांना मीठ दे.” “बाबाला म्हणावं, नको.”

दुसरा अबोला अगदी ताजा. भर पावसाळ्यात तंबू नको, हॉटेलात राहू, असं बायको महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. “तंबूतच खरी मजा,” धाकटा ठासून सांगत होता. काल रात्री तंबूने जरा वेळ कळ काढली आणि मग बरोबर मध्यावर धार धरली, तीही नेमकी बायकोच्या अंथरुणावर. त्यात उकाडा असा की भिजलेलं वाळेना आणि घाम थांबेना. सकाळी ओली उशी पिळता पिळता ती म्हणाली, “‘चुकलो’ एवढा एक शब्द म्हण, सगळं विसरते. पण तुमच्या घराण्यात तो शब्दच नाही. दोघांपैकी एकाला जरी म्हणता आला असता ना, तर दोन दुकानं झाली नसती.” आणि तिने तोंडाला कुलूप लावलं.

धाकट्याला ते फार लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. बायकोच्या बडबडीशिवाय त्याला चहासुद्धा गोड लागत नसे. आज जीभ रेटून का होईना, म्हणायचंच, असं त्याने या मनोरंजन पार्कात शिरतानाच ठरवलं होतं.

फाटकावर सगळ्यांना एकाच मापाचे पिवळे रेनकोट मिळाले होते. टोपी पुढे ओढली की कोण बाप आणि कोण लेक, ओळखायची सोय नाही. आत माणसं उकडायला ठेवलेल्या बटाट्यांसारखी शिजत होती. पाण्यातल्या होडीची रांग कठड्यांमधून वळसे घेत, रेंगाळत चालली होती. आजोबा तेवढे पलीकडे छपराखाली बाकावर बसले होते. आपल्याला होडीबिडी झेपणार नाही, असं त्यांनी भिंगरीमार्फत कळवलं होतं.

एकदम पावसाने जोर धरला. पलीकडच्या छपराच्या पत्र्यावर दणादण आवाज सुरू झाला. धाकट्याच्या चष्म्यावरून पाण्याचे ओघळ वाहू लागले आणि चष्मे विकणाऱ्यालाच समोरचं दिसेना. त्याला वाटलं, हीच वेळ. वळून तिच्या डोळ्यांत बघितलं तर जीभ अडेल. म्हणून त्याने पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर रोवली, मोठा श्वास घेतला आणि पावसातूनही मागे ऐकू जाईल अशा आवाजात बोलून टाकलं.

“चुकलं माझं. ऐकायला हवं होतं. उगाच हट्टाला पेटलो.”

 मग खांद्यावर एक हात आला. जड आणि ओला.

“माझंही चुकलंच की रे.”

धाकटा गर्रकन वळला. पिवळ्या टोपीखाली थोरले उभे होते. भिंगरीला घाईची लागली म्हणून तिची आई तिला घेऊन गेली होती आणि रांगेतली जागा जाऊ नये म्हणून सासऱ्यांना तिथे उभं करून गेली होती. पावसाच्या गोंगाटात याला पत्ताही लागला नव्हता.

‘बाबा, हे तुम्हाला नव्हतं,’ अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या. पण थोरल्यांचा बांध फुटला होता.

“तू दुकान उघडलंस ना, त्या दिवशी मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. तुझी पाटी दिसत होती. छान होती पाटी. यायचं होतं रे मला. रस्ता तरी केवढा तो! पण पाऊलच उचललं नाही.”

धाकट्याने ओठांवरचं गिळून टाकलं. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हाही त्याची नजर त्या अर्ध्या शटरवरच होती. आतून कोणी बाहेर येईल म्हणून तो वाट बघत राहिला होता.  त्याने मघाचेच शब्द पुन्हा उच्चारले, या वेळी तोंडाकडे बघून.

“बाबा, चुकलं माझं.”

आणि नवल म्हणजे शब्द इथेही अगदी चपखल बसले.

 थोरल्यांनी लेकाच्या नाकावरचा चष्मा काढला, रेनकोटाच्या आतून कोरडा रुमाल काढून काचा पुसल्या, एक काडी हलकेच वाकवून सरळ केली. मग गिऱ्हाइकाला बसवतात तसा दोन्ही कानांमागून बोट फिरवत चष्मा परत त्याच्या नाकावर चढवला. कठड्यापलीकडून भिंगरीचा हात धरून तिची आई येताना दिसली.

“ती आली बघ,” थोरले हळूच म्हणाले. “आता तिलाही म्हणून टाक. मघाचं तिचं होतं, मी मधल्यामधे लाटलं.”