कोरडी छागल

“घागरीतून काढ ती, माय. प्यायचं पाणी आहे ते.”

पंचशीलानं छागल ओढून घेतली. पाणी नेण्याची ती कॅनव्हासची जाड पिशवी वरवरच ओली झाली होती.

“रातभर भिजू दे की,” धुरपताबाई म्हणाली.

“हापशावर एका घागरीला अर्धा दिवस जातो. आणि तू पिशव्या भिजवून राहिलीस?”

पहाटे दोघी डोंगर चढणार होत्या. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा हद्दीच्या दगडाला चुना लावायला पंचशीलाचे वडील, ग्यानोबा, एकटेच वर गेले होते. ऊन लागून त्या दगडापाशीच वारले. त्याला आता वर्ष झालं, म्हणून दोघी त्या दगडापाशी निघाल्या होत्या. आदल्याच दिवशी ही छागल पंचशीलानं त्यांना लातूरहून आणून दिली होती. जुनी खुंटीला अडकवून त्यांनी नवी लगेच खांद्यावर चढवून पाहिली होती. ती हसत हसत शेवटच्या एसटीनं परत गेली.

छागल त्यांच्याजवळच सापडली. आत थेंब नव्हता. “भरायचीच इसरले मी,” असं धुरपताबाईनं साऱ्या गावाला सांगितलं. तेव्हापासून पंचशीला आईच्या हातचं जेवत होती, पण तिच्या डोळ्यांकडे पाहत नव्हती.

बाजेवर सामान मांडलं होतं. छत्री, काठी, उन्हासाठी कांदे, दोर.

“दोर कशाला गं? डोंगर काय पळून चाललाय?”

“वरचा कातळ निसटता आहे.”

“मग ती जुनी छागल बी घे.” ती ठिगळांची छागल बारा महिने दाराशी ओलीच टांगलेली असे.

“एक पुरे. वजन होतं. आणि या वेळी मी स्वतः भरणार आहे.”



पहाटे पंचशीलानं छागल गळ्यापर्यंत भरली. ती ठिबकू लागली. छागल ठिबकतेच, म्हणून तर पाणी गार राहतं. तिनं ती पाठीला लावली.

डोंगरावर पानाची सावली उरली नव्हती. पाठ भिजली, ती घामानं असं तिला वाटलं. कातळाखाली पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. धुरपताबाई मटकन खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पंचशीलानं बूच काढून छागल तिच्या तोंडाशी धरली. एक घोट आला. मग काहीच नाही.

तिनं छागल चाचपली. कुठं फाटलेली नव्हती. शिवण धड होती. तिनं ती उन्हासमोर धरली. विणीतून ऊन आरपार दिसलं. वर्षभर खुंटीवर वाळलेलं कापड. भिजून, फुगून वीण मिटायला त्याला रात्रभर पाणी हवं होतं.

गेल्या वर्षी तर ते दुकानातून आलेलं होतं, कोरं करकरीत.

धुरपताबाईनं पदराखालून जुनी छागल काढली. ती ओली होती, तट्ट भरलेली. दोन घोट घेऊन तिनं ती लेकीपुढं केली.

पंचशीलाचा हात पुढं झाला नाही. वर्षात पहिल्यांदा तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं.

“माय, त्या दिवशी तू नवी छागल भरली होतीस ना?”

धुरपताबाईनं नजर वर, दगडाकडं नेली.

“इसरले म्हून सांगितलं न्हवं का येकदा,” ती म्हणाली. “पी आता.”