हिवाळ्यापुरती जागा

"उंदीर असणार इथे," असं म्हणून ओरेस्ट गाडीकडे वळला.

लॉर्न बेकेटची शेड नवीकोरी होती. चकचकीत पत्रा, सिमेंटची जमीन, आत छान ऊब. कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या त्या मुलखात कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडायचं फिरतं घर, हिवाळाभर ठेवायला याहून चांगली जागा मिळाली नसती. शिवाय लॉर्नच्या बायकोने ओरेस्टला आणि त्याच्या बायकोला, डोरीनला, आग्रह करून केक खाऊ घातला होता.

"उंदीर?" डोरीनने गाडी सुरू केली. "अरे, त्या जमिनीवर पान मांडून जेवता येईल. उंदीर बिचारे घसरून पडतील!"

"मला नाही आवडली."

"तुला राहायचंय का तिथे?"

ओरेस्टने सीटबेल्ट लावला. दरवर्षी कॅम्पर त्यांच्याच अंगणात ताडपत्रीखाली उभा राहायचा. तो दुसरीकडे ठेवायची टूम या वर्षी ओरेस्टनेच काढली होती. जागा पसंत पडली की तिथेच सोडून द्यायचा म्हणून दोघं सकाळी तो गाडीमागे जोडून निघाले होते. गाडी डोरीन चालवत होती. ओरेस्टची पाठ धरली होती, निदान तो तसं म्हणत होता.

दुसरी जागा हायवेलगत होती. उंच कुंपण, दिवे, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे. मालक गार्थ खिशात हात घालून उभा होता.

"एकटेच राहता?" ओरेस्टने विचारलं.

"एकटा आणि सुखात."

"बर्फ वितळल्यावर न्यायला यायच्या आदल्या दिवशी फोन केला, तर फाटक उघडून द्याल ना?" डोरीनने विचारलं.

गार्थने उत्तर दिलं ते ओरेस्टकडे बघून. "फोन तुम्हीच करा. बायकांना फाटकाच्या कुलपाचे आकडे समजावत बसायला मला वेळ नसतो."

ओरेस्टने मान हलवली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.

"आता काय झालं?" डोरीन म्हणाली. "माणूस तुसडा आहे, पण जागा पक्की आहे."

"हायवेची धूळ फार."

"बर्फात कुठली रे धूळ? तुला झालंय तरी काय? मुलीसाठी स्थळं बघताना लोक इतकी नाकं मुरडत नाहीत."

तिसरी जागा आडबाजूला होती. कापणी झालेल्या शेतांमधून मातीचा रस्ता जात होता आणि त्याच्या टोकाला मायरन पिडस्काल्नीचं जुनं कोठार एका अंगावर कललेलं उभं होतं. लाल रंग बहुतेक उडालेला. कानटोपी घातलेला एक उंच, किडकिडीत म्हातारा बाहेर आला, त्यांना बघून परत आत गेला आणि खुर्ची घेऊन आला. बाहीने पुसून त्याने ती उन्हात मांडली.

"बसा बाई. कोठार बघण्यासारखं नाही, पण ऊन चांगलं आहे."

डोरीन हसली. ओरेस्टने तिच्याकडे पाहिलं. मग कोठाराकडे एक नजर टाकल्यासारखं केलं.

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि कुत्रा. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली." मायरनने टोपी मागे सारली. "पहिला हिवाळा अवघड गेला. मग चर्चमधल्या बायका आल्या आणि मला पेरोगीचं पीठ मळायला बसवलं. म्हणाल्या, रडायचंय तर रड, पण हात चालू ठेव."

"तुम्हाला पेरोगी करता येतात?"

"येतात की. फक्त उकळत्या पाण्यात टाकल्या की उघडतात. सारण एकीकडे, पारी एकीकडे."

"कडेला पीठ लागत असेल. पाण्याचं बोट फिरवता का?"

"पाण्याचं बोट?"

"अहो, मग चिकटणार कशा त्या?" डोरीन खुर्चीतून उठलीच. हवेत बोटं फिरवून ती त्याला कडा कशा दाबायच्या ते दाखवू लागली. मायरनही आपली राकट बोटं तशीच फिरवू लागला.

ओरेस्ट जरा बाजूला जाऊन गवताच्या गंजीला टेकला. दम खाली बसेपर्यंत तो दोघांकडे बघत राहिला.

"हीच जागा," तो म्हणाला.

डोरीन वळली. "ओरेस्ट, छतातून आभाळ दिसतंय."

"ताडपत्री घालू."

"आणि उंदीर?"

"कुत्रा आहे."

"कुत्रा झोपलाय," डोरीन म्हणाली.

पण ओरेस्टने मायरनचा हात हातात घेऊन व्यवहार पक्का केलासुद्धा. कॅम्पर आत कोण लावणार, असा प्रश्न आल्यावर त्याने डोरीनकडे बोट दाखवलं.

"मी? आजवर मला तो मागे घेऊ दिलास का कधी?"

"आता शिक."

पहिल्यांदा कॅम्पर तिरका गेला. दुसऱ्यांदा खांबाला लागता लागता राहिला. ओरेस्टच्या ओठांवर शिवी आली होती, ती त्याने गिळली. मायरन आरशात दिसेल असा उभा राहून शांतपणे हात हलवत होता.

"थोडं डावीकडे. घाई नाही बाई, कोठार कुठे पळून जात नाही."

अखेर कॅम्पर सरळ आत गेला. मायरनने टाळ्या वाजवल्या. कॅम्पर गाडीपासून सुटा कसा करायचा तेही ओरेस्टने तिच्याकडूनच करून घेतलं.

निघताना डोरीन गाडीत बसल्यावर तो मायरनजवळ रेंगाळला.

"बर्फ गेला की ही येईल न्यायला. कॉफी घेतल्याशिवाय सोडू नका."

मायरनने त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाही सोडणार," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर ओरेस्टला हलकं वाटत होतं. हंसांचा एक मोठा थवा कलकलाट करत दक्षिणेकडे निघाला होता. तो दिसेनासा झाल्यावर डोरीनने गाडीचा वेग कमी केला.

"माणूस चांगला आहे," ती मग म्हणाली.

"कोठार चांगलं आहे."

"ओरेस्ट," रस्त्यावरची नजर न काढता डोरीन म्हणाली, "तुला पुढचा उन्हाळा दिसणार नाही असं डॉक्टर सांगत होते, तेव्हा मी दाराबाहेरच उभी होते. तू गेल्यावर माझं मी बघेन, माझ्यासाठी माणूस शोधत फिरू नकोस. आणि शोधणारच असशील, तर निदान नाचता येणारा तरी शोध."